‘थ्रॉटल’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: लिनक्स या संगणकप्रणालीवर मराठीत टिपण लिहितोय. सीग्रुप (‘कंट्रोल ग्रुप’) म्हणजे प्रक्रियांचा, म्हणजे चालू प्रोग्रामांचा, गट. गटाला सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, ठरावीक वेळच द्यायचा, तो संपला की गट ‘थ्रॉटल’ होतो. मी ‘गती मंदावते’ असं लिहिलंय, पण खटकतंय.

फुलपात्र: ‘गळचेपी’? थ्रॉटलच्या मुळाशी गळाच आहे.

पाटीपेन्सिल: अहो, अग्रलेख वाटेल तो!

नांगरफाळ: खटकणारच, कारण गती मंदावतच नाही. ‘सीपीयू डॉट मॅक्स’ या फाइलीत ‘50000 100000’ (मायक्रोसेकंदांत) लिहिलं की गटाला दर 100 मिलिसेकंदांत 50 मिलिसेकंद मिळतात. आता गटातले चार थ्रेड, म्हणजे कामाचे चार धागे, सीपीयूच्या चार कोअरवर, म्हणजे चार गाभ्यांवर, एकदम सुटले, तर तो साठा 12.5 मिलिसेकंदांतच फस्त. उरलेले 87.5 मिलिसेकंद सगळे नुसते बसून. धावतात तेव्हा पूर्ण वेगानेच धावतात, म्हणून मी ‘खोळंबणे’ म्हणेन. आमच्याकडे कालव्याला आवर्तन सुटतं तसंच आहे हे. पाळी संपली की पाटकरी दार पाडतो, मग तुमचा ऊस अर्धाच भिजलेला का असेना. त्या 100 मिलिसेकंदांनाही ‘आवर्तन’ म्हणा.

फुलपात्र: आवर्तन झकास. पण ‘सीपीयू डॉट वेट’ही मर्यादाच ना?

नांगरफाळ: नाही, तो ‘वाटा’. 1 ते 10000, मुळात 100. ओढाताण झाली तरच वाटा बघितला जातो. शेजारचे गट झोपलेले असतील तर सगळा सीपीयू तुमचाच. कोटा, म्हणजे तो 50 मिलिसेकंदांचा साठा, मात्र सीपीयू रिकामा पडून असला तरी लागू. एका लेखात दोन्हींना ‘मर्यादा’ म्हटलं होतं, त्यापायी मी अख्खी दुपार भलत्याच फाइलीत आकडे बदलत बसलो होतो.

पाटीपेन्सिल: आणि सीग्रुपला?

फुलपात्र: तसंच ठेवा. त्याचं आधीचं नाव ‘प्रोसेस कंटेनर’. कंटेनरचे आधीच ढीगभर अर्थ, म्हणून 2007 मध्ये ते बदललं आणि 2008 च्या जानेवारीत लिनक्सच्या 2.6.24 कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) नव्या नावानेच बाहेर पडलं. एवढ्या खटपटीने केलेलं बारसं आपण कशाला मोडायचं?

पाटीपेन्सिल: मग वाक्य असं: ‘कोटा संपला की गट पुढच्या आवर्तनापर्यंत खोळंबतो.’

नांगरफाळ: बरोबर. ‘सीपीयू डॉट स्टॅट’मध्ये अशी किती आवर्तनं झाली त्याची मोजदाद असते, तिथेही ‘खोळंबे : 412’ सरळ बसतं. ‘गळचेप्या : 412’ लिहून बघा एकदा.