‘गुप्त ओळख’ म्हणजे कुणाची कुणाशी?

पर्वतीपायथा
मुलांच्या एका श्राव्यमालिकेचं भाषांतर करते आहे. अमेरिकन धाटणीची गोष्ट आहे. सहा अतिमानवांचा गट, अंतराळातून पृथ्वी गिळायला निघालेलं काहीतरी, आणि त्या सहांतल्या एकाचं रोजच्या नोकरीतल्या एका मुलीवर प्रेम. मुखवट्याआड तोच आहे हे तिला ठाऊक नाही. मुळात शब्द आहे ‘सीक्रेट आयडेंटिटी’. मी लिहिलं, “त्याची गुप्त ओळख तिला कळता कामा नये.”

काल आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. काडी हातात तशीच धरून म्हणाली, “म्हणजे त्याचं आणखी कुणाशी आहे का?” तिला ती चोरून जुळलेली ओळख वाटली. ती चुकली असं मला म्हणता येईना. पण ‘ओळख उघड न करण्याच्या अटीवर’ हे पेपरात रोज वाचतो, तिथे काहीच खटकत नाही. मग इथेच का खटकतं? आणि दुसरा शब्द कोणता?

लकडीपूल
आईंचा कान पक्का आहे. मराठीत ओळख दोघांत असते. ती होते, वाढते, काढली जाते, ठेवली जाते. ओळखीनं काम होतं. एकट्या माणसाजवळ ओळख नसते हो. इंग्रजीतली ती वस्तू माणसाच्या आत असते, आपली दोन माणसांच्या मध्ये. ओळखपत्रसुद्धा दुसऱ्याला दाखवायलाच लागतं.

मला यात ‘ओळख न देणे’ हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. कॉलेजात असताना लक्ष्मी रोडवर समोरून एक मुलगी यायची. बरोबर तिचे वडील असले की ती ओळख द्यायची नाही. नजर सरळ पुढे, पिशवी या हातातून त्या हातात. ती पिशवी हलली की मला कळायचं की तिनं पाहिलं आहे. आमच्या लग्नाला आता 31 वर्षं झाली. तुमचा नायक मुखवटा घालून तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा तो नेमकं हेच करतो. “त्यानं तिला ओळख दिली नाही” असं लिहा.

आजीचाचष्मा
आपल्याकडे ही गोष्ट आधीच घडून गेलेली आहे आणि तिला शब्दही आहे: अज्ञातवास. विराटाच्या घरी कंक, बल्लव, बृहन्नडा, ग्रंथिक, तंतिपाल आणि सैरंध्री. मोजा, सहाच होतात. शिवाय पाच भावांनी आपसात हाक मारायला आणखी नावं ठेवली होती: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. म्हणजे गुप्त नावाच्याही आत गुप्त नाव. प्रेमप्रकरण म्हणाल तर कीचक तिथे आहेच, आणि सैरंध्री कोण हे न कळल्यामुळेच त्याचा जीव गेला.

तिसरीघंटा
अज्ञातवास हा काळ झाला, माणसाचं रूप नव्हे. ‘त्याचा अज्ञातवास तिला कळला’ असं म्हणून पाहा, जमत नाही.

शब्द निवडण्याआधी लपवायचं काय ते ठरवा. पांडवांनी पराक्रमी रूप लपवलं आणि साधं रूप दाखवलं. 1938 साली आलेल्या सुपरमॅनचंही तेच. जन्मानं तो परग्रहावरचा, चष्मा लावलेला बातमीदार हे त्यानं घेतलेलं सोंग. पण बॅटमॅनसारख्या नायकाचं उलट असतं. माणूस म्हणून जन्मलेला, मुखवटा नंतरचा. तुमचा नायक कोणत्या जातीचा? नाटकात आम्ही ‘सोंग वठलं’ म्हणतो. पहिल्या प्रकाराला ‘सोंग’ चपखल बसेल, दुसऱ्याला ‘खरं नाव’ पुरेल. आणि फॅन्टास्टिक फोर तर 1961 पासून उघड्या चेहऱ्यानं वावरतात. त्यांच्यातल्या दोघांचं 1965 साली लग्न झालं तेही चारचौघांत, म्हणून शत्रू थेट लग्नातच चालून आले.

नारायणगावकर
सोंगाबद्दल असहमत. आमच्याकडे बहुरूपी फौजदार होऊन यायचा. खाकी कपडे, हातात छडी, “चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे.” आजी सूप हातात घेऊन ऐकायची, मग पसाभर बाजरी घालायची. तो फौजदार नाही हे तिलाही ठाऊक आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. सोंगात समोरचा सामील असतो. तुमच्या गोष्टीतली मुलगी सामील नाही, तिची फसवणूक चालली आहे. ते दुःख ‘सोंग’ शब्दात येत नाही.

र्‍हस्वदीर्घ
मूळ लेखातल्या ‘अतिमानवांचा गट’ याबद्दल. ‘चमू’ हा शब्द असताना गट कशाला? आणि कृपया ‘ती चमू’. संस्कृतात तो स्त्रीलिंगी आहे. ‘भारतीय चमू रवाना झाला’ हे वाचून त्रास होतो.

आजीचाचष्मा
संस्कृतावरच जायचं तर चमूत 729 रथ, 729 हत्ती, 2187 घोडे आणि 3645 पायदळ लागतं. सर्वांत लहान तुकडी पत्ती, तिच्यातही पाच पायदळ, तीन घोडे, एक रथ, एक हत्ती. सहा जणांना चमू म्हणायला तुम्ही अर्थ सोडलात, मग लिंगच का धरून ठेवायचं? मराठी बोलणाऱ्यानं ‘तो’ म्हटलं की तो.

र्‍हस्वदीर्घ
अर्थ विस्तारतो, तो भाषेचा स्वभाव आहे. लिंग बदलणं हा निष्काळजीपणा आहे. दोन्ही एका मापानं मोजू नका.

लकडीपूल
‘पथक’ का नको? पेशवाईत सरदारांची पथकं असत आणि आज पुण्यात ढोलाचं पथक कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरीघंटा
मी पथकात सात वर्षं ताशा वाजवला आहे. पथकात सगळ्यांचा सदरा एक, ठेका एक. कुणी वेगळा दिसला तर पथक बिघडलं. या नायकांत प्रत्येकाचा रंग वेगळा, शक्ती वेगळी, आणि निम्मी गोष्ट त्यांच्या आपसातल्या भांडणाची. त्याला ‘पथक’ शोभत नाही.

नारायणगावकर
ते गिळायला येणारं संकट राहूनच गेलं. ‘वैश्विक संकट’ मुळीच लिहू नका. हिंदीच्या वाटेनं ‘वैश्विक’ आता ‘जगभरचं’ या अर्थानं रुळलंय. मुलांना साथीचा रोग वाटेल.

र्‍हस्वदीर्घ
रुळलं म्हणून सोडून द्यायचं? जगभरच्यासाठी आपला ‘जागतिक’ आहे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिकीकरण. ‘वैश्विक’ हा तारे-आकाशगंगांसाठी राखलेला शब्द आहे. या गोष्टीत तो वापरला तरच तो परत मिळेल. मुलांच्याच कानावर पडला पाहिजे.

नारायणगावकर
हे मात्र पटलं. आमच्याजवळ खोडदला दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची. शाळेची सहल गेली तेव्हा सर म्हणाले होते, “हे विश्वाला लावलेले कान.” ‘विश्वकिरण’ शब्दही त्याच वर्षी शिकलो. तरी आजीला सांगायचं तर मी ‘अस्मानी संकट’च म्हणेन.

आजीचाचष्मा
अस्मानी म्हटलं की गारपीट आणि कोरडं आभाळ डोळ्यांपुढे येतं. त्याला सुलतानीची जोड लागते. ग्रह गिळणाऱ्याला राहूच्या घराण्यातला शब्द हवा.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पुन्हा विचारलं. मेथी संपली होती, ती लसूण सोलत होती. म्हणाली, “तो कोण आहे हे तिला कळू द्यायचं नाही. एवढंच ना?” वाक्य सुटलं, नामच लागलं नाही. लकडीपूल यांचं ‘ओळख दिली नाही’ चौथ्या भागात घेतलं, तिथे दोघं पुलावर समोरासमोर येतात.

पण सातव्या भागाचं शीर्षकच ‘सीक्रेट आयडेंटिटी’ आहे आणि तिथे नाम हवंच. ते अजून कोरं आहे. शुक्रवारी द्यायचं आहे.

तिसरीघंटा
‘मुखवट्याआड’?

लकडीपूल
शीर्षकात ‘ओळख’ हवीच. आईंना जी शंका आली तीच ऐकणाऱ्याला येऊ दे, गोष्ट प्रेमाचीच तर आहे.

र्‍हस्वदीर्घ
ते ठरवा. पण आत कुठे ‘चमू’ आला असेल तर ‘आली’ करा.