‘उतारा’ : नॅलोक्सोनला हा शब्द चालेल का?

धागा सुरू करणारी, धरमपेठ, नागपूर :

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या इथल्या एका छोट्या गटासाठी मी एक पत्रक मराठीत करते आहे. विषय नॅलोक्सोन. अफू, हेरॉइन (आपल्याकडचा गर्द), मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही सगळी एका कुळातली. यांचा ओव्हरडोस झाला की माणूस श्वास घ्यायचा विसरतो. नॅलोक्सोन तो श्वास परत सुरू करतं. १९६१ साली याचं पेटंट नोंदलं गेलं, १९७१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, म्हणजे औषध नवं नाही. मराठीत मात्र त्याला धड शब्द नाही.

पहिल्या खर्ड्यात मी ‘अफूजन्य औषधांवरील उतारा’ असं लिहिलं आणि समाधानाने पेन ठेवलं. विषावर उतारा हे लहानपणापासून कानात बसलेलं आहे. परवा तो खर्डा वस्तीतल्या एका बाईंना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सकाळी थोडी पाजायची नं ताई? आमचे हे घेतात तसा उतारा?”

त्या अगदी मनापासून विचारत होत्या. रात्रीची चढलेली सकाळी उतरावी म्हणून घेतलेला घोट म्हणजे उतारा, त्यांच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. श्वास मंदावलेल्या माणसाच्या तोंडात माझं पत्रक वाचून कुणी दारू ओतली तर? त्या रात्री मला झोप आली नाही.

नंतर शब्दच उलगडून पाहिला. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा, मराठीच्या पेपरातला उतारा, चौरस्त्यावर लिंबू-भाताचा ठेवलेला उतारा, दारूचा उतारा, विषाचा उतारा. पहिले दोन लिहून उतरवण्याचे, ते बाजूला ठेवू. बाकीच्या तिन्हींत कल्पना एकच: अंगावर काहीतरी चढलं आहे आणि ते खाली आणायचं आहे. विष चढतं, भूत चढतं, दारू चढते. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडेचा पुतळा, मिरवत निघते तेव्हा ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतात ना, तीच आस. एकदा काढली की सगळी पीडा गेली.

नेमकं हेच नॅलोक्सोनला लागू नाही. ते सगळं उतरवत नाही, एकाच कुळाचं उतरवतं, आणि तेही काही वेळापुरतं. सोबत दारू घेतली असेल, झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या जागच्या जागी राहतात. हे सांगणारा शब्द हवा आहे. सुचवा.

भूलतज्ज्ञ, धंतोली :

शब्द नंतर. आधी आत काय होतं ते सांगतो, शब्द तिथूनच निघेल.

मेंदूत अफूच्या कुळासाठी ठरावीक जागा असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. गणेशपेठच्या स्टँडवर एसटी लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसं नॅलोक्सोन त्या जागा अडवतं. आधी बसलेल्या हेरॉइनला उठवतं, स्वतः बसतं, पण बसून काही करत नाही. अंमल थांबतो, श्वास सुरू होतो. शिरेतून दिलं तर एकदोन मिनिटांत, स्नायूत दिलं तर आणखी थोडी मिनिटं.

पण हा प्रवासी साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरून जातो. हेरॉइन, मेथाडोन, दीर्घ असराच्या मॉर्फिनच्या गोळ्या, अंगावर चिकटवलेली फेंटानिलची पट्टी, यांतलं काही अजून गाडीतच उभं असेल तर ते परत त्या सीटवर बसतं. (पट्टी दिसली तर आधी ती काढायची, नाहीतर आत भर पडतच राहते.) माणूस उठला, बोलला, आणि तासाभराने पुन्हा निळा पडला, असं होतं ते यामुळे.

ब्युप्रेनॉर्फिनची (व्यसन सोडवताना देतात तेही याच कुळातलं औषध) गोष्ट आणखी वेगळी. ते सीट घट्ट धरून बसतं, सहज उठत नाही. नॅलोक्सोन जास्त लागतं, वेळही जास्त लागतो.

आता दारू, अल्प्राझोलाम-नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन. ही मंडळी या गाडीतच नाहीत. त्यांची गाडी वेगळी, सीटा वेगळ्या. इथे कितीही रुमाल टाका, तिकडे काही हलणार नाही. अल्प्राझोलामच्या गटाला स्वतःचं विरोधी औषध आहे, फ्लुमाझेनिल. पण रोज गोळ्या घेणाऱ्याला ते दिलं तर झटके येऊ शकतात, म्हणून ते आम्ही रुग्णालयातही जपून वापरतो. पत्रकात त्याचं नावही नको.

माझं म्हणणं, ‘उतारा’पेक्षा ‘अंमल’ हा शब्द पाहा. अमली पदार्थ त्यातूनच आला आहे. ‘अंमल हटवणारं औषध’.

धागा सुरू करणारी :

डॉक्टर, ‘अंमल’ फार आवडला. मूळ अरबी शब्द, अर्थ काम, कारभार. इंग्रजांचा अंमल, अंमलबजावणी, अफूचा अंमल, सगळं एकाच घरातलं. अंमल एकाचा हटतो, दुसऱ्याचा राहतो, हे या शब्दात आपोआप येतं. उताऱ्यात ते येत नव्हतं.

‘अफू’सुद्धा दूरवरून आलेला. ग्रीक ‘ओपिऑन’, अरबी ‘अफ्यून’, आणि संस्कृतात आल्यावर ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस. परका आवाज कानाला ओळखीचा वाटावा म्हणून जोडलेला अर्थ आहे तो. पण एकदा साप आला की ‘विष’ आलं, आणि विष आलं की ‘प्रतिविष’. काही जणांनी मला तो शब्द सुचवला होता. नको वाटतो. कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत, आधीच त्यांचे नातेवाईक ‘अफूचं औषध’ म्हणून बिचकतात. त्यात आपण त्याला विष ठरवायचं नाही.

निवृत्त परिचारिका, मानेवाडा रोड :

मी ३४ वर्षं वॉर्डात काढली. शब्दांचं मला फार कळत नाही, पण एका शब्दाने किती घोटाळा होतो ते पाहिलं आहे.

रात्री दीडच्या सुमारास दोन पोरांनी तिसऱ्याला टू-व्हीलरवर मध्ये दाबून आणलं होतं. विशीचा असेल. ओठ जांभळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी छातीवर हात ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला सहा श्वास. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. नॅलोक्सोनची अँपुल फोडली, ०.४ मिलिग्रॅमची. थोड्या वेळाने दुसरी. श्वास चौदावर आले, ओठांचा रंग परतला. पोरगा मात्र झोपलेलाच.

ड्युटीवरचे डॉक्टर नवे होते. भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं, ‘रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत द्यावे’. ते तिसरी मागायला लागले, मग चौथी. मोठ्या डॉक्टरांनी येऊन फक्त विचारलं, “श्वास किती?” मी म्हटलं, चौदा. “मग थांबा.” मित्रांना बाहेर खोदून विचारलं तेव्हा कळलं, गर्दाच्या आधी दारू आणि झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी झाली होती. ती झोप नॅलोक्सोनने मोडणारच नव्हती. त्याला कुशीवर केलं, ऑक्सिजन लावला, मी स्टूल ओढून शेजारी बसले. तासाभराने श्वास परत आठवर आले, तेव्हा पुन्हा दिलं. सकाळी त्याने पाणी मागितलं.

म्हणून सांगते बाई, पत्रकात ‘शुद्धीवर येईपर्यंत’ हे शब्द घालू नका. शुद्ध आणि श्वास वेगळे आहेत. आपल्याला श्वास हवा आहे. शुद्ध मागून येईल.

धागा सुरू करणारी :

सिस्टर, माझ्या खर्ड्यात ‘शुद्धीवर येईपर्यंत’ असंच आहे. आत्ता खोडलं. त्याऐवजी ‘श्वास लागेपर्यंत’ लिहिते.

कामठीहून :

थांबा ताई, काहून असं लिहून राहिल्या? आमच्या इकडे ‘श्वास लागला’ म्हणजे दमा उठला, धाप लागली. ‘बाबाले श्वास लागून राहिला’ म्हटलं का आम्ही दवाखान्यात पळतो. तुमचं पत्रक वाचून कोणी म्हणन, धाप लागेपर्यंत दवाई देत राहा. ‘श्वास सुरू होईपर्यंत’ बी नको, सहा श्वास असले तरी तो सुरूच हाये नं! सिस्टरनं मोजला तसं लिहा: मिनिटाले किती.

अन् एक दुसरं. माझ्या मामेभावाच्या वेळेस तो रात्रभर घोरत होता. घरचे म्हणे, घोरून राहिला म्हणजे गाढ झोपला, झोपू द्या. आजी एकटी म्हणे, हे घोरणं नोहे, ही घरघर हाये. तिचं कोणी ऐकलं नाही. त्या घरात आता तो नाही. जमलं तर घोरणं अन् घरघर यातला फरक लिहा.

भूलतज्ज्ञ, धंतोली :

आजींचा कान बरोबर होता. जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट अर्धी बंद होते, तेव्हा असा अडखळता, पाण्यातून आल्यासारखा आवाज येतो. हलवून, हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जो उठत नाही, त्याच्या त्या आवाजाला घोरणं म्हणायचंच नाही. पत्रकात ‘घरघर’ हाच शब्द ठेवा. मराठी माणूस तो ऐकून दचकतो, आणि इथे दचकायलाच हवं.

वैद्य, महाल :

सोबत घेतलेल्या पदार्थांसाठी शब्द सुचवतो. आमच्या शास्त्रात ‘अनुपान’ आहे. औषध मधातून, तुपातून की कोमट पाण्यातून, त्यावर त्याचा गुण बदलतो. अहिफेन आमच्याकडे उपविषांत धरतात, त्यामुळे त्याच्याबरोबर काय पोटात गेलं हा विचार जुनाच आहे.

धागा सुरू करणारी :

वैद्यबुवा, कल्पना नेमकी आहे. पण अनुपान हितासाठी, विचारपूर्वक दिलेलं असतं, त्यात पथ्याचा वास आहे. गर्दावर दारूला अनुपान म्हणायला माझं मन धजत नाही. ‘सोबत घेतलेलं’ एवढंच साधं लिहिते. लिहिण्यापेक्षाही मित्रांनी ते न लपवता सांगणं महत्त्वाचं आहे. रिकामी पट्टी, बाटली, जे सापडेल ते दवाखान्यात घेऊन या, हे वाक्य घालते आहे. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधात तर एका बाटलीतच दोन गोष्टी असतात. कोडीनचा अंमल हटतो, त्यातल्या सर्दीच्या औषधाची गुंगी राहते.

डॉक्टर, ट्रॅमाडॉलचं आणि एमडीचं तेवढं सांगा. मुलं त्याबद्दल फार विचारतात.

भूलतज्ज्ञ, धंतोली :

ट्रॅमाडॉल अर्धंच या कुळातलं. त्याचा अफूसारखा भाग नॅलोक्सोनने हटतो, दुसरा भाग हटत नाही, आणि ट्रॅमाडॉलने झटके येऊ शकतात ते वेगळंच. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक आहे, त्यावर नॅलोक्सोन चालतच नाही. पण कुणी गर्द आणि एमडी दोन्ही घेतलं असेल तर गर्दाचा अंमल हटताच एमडीचा उघडा पडतो. छाती धडधडते, माणूस अंगावर धावून येतो. घाबरून त्याला बांधून-दाबून ठेवू नका.

अमेरिकेत फेंटानिलमध्ये झायलाझिन मिसळलेलं सापडतं. गुरांना गुंगी आणायचं औषध ते. नॅलोक्सोनचा त्यावर असर नाही. तिथल्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ते मिश्रण नव्याने उभा राहणारा धोका म्हणून जाहीर केलं.

पण एक गोष्ट ठळक लिहा, नाहीतर हे सगळं वाचून लोक नॅलोक्सोन द्यायचंच टाळतील. काय घेतलं ते माहीत नसलं तरी शंका आली की द्यायचं. अफूचं काही पोटात नसेल तर ते अपाय करत नाही. असेल तर तेच जीव वाचवतं.

निवृत्त परिचारिका, मानेवाडा रोड :

आणि उठल्यावर टर्की लागते, म्हणजे नशा एकदम तुटल्याचा त्रास. जांभया, काटा, उलट्या, चिडचिड. पोरं म्हणतात, तुम्ही माझा नशा उतरवला, आणि परत घ्यायला पळतात. त्याला रागवू नका, सोडूही नका. दारू प्यायलेल्याला याच वेळी उलटी झाली आणि तो उताणा असेल तर ती छातीत जाते. म्हणून कुशीवर.

लिंबूपाणी, ताक, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, काही काही तोंडात घालू नका हेही लिहा. मी ते नाकातून बाहेर येताना पाहिलं आहे.

धागा सुरू करणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव ‘नॅलोक्सोन’ असंच ठेवते. दवाखान्यात आणि केमिस्टकडे तेच बोलायचं आहे, मग मध्ये आणखी एक शब्द कशाला शिकवायचा? ‘उतारा’ पूर्ण काढला. दर्शनी मजकूर आता असा झाला आहे:

‘हलवून उठत नाही, घरघर लागली आहे, ओठ निळे-जांभळे, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास? आधी १०८ ला फोन करा. तोंडाने श्वास देता येत असेल तर द्या. नॅलोक्सोन असेल तर द्या. ते फक्त गर्द, अफू आणि त्या जातीच्या औषधांचा अंमल हटवतं, तोही थोडा वेळच. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचा अंमल तसाच राहतो. म्हणून तो झोपलेलाच राहिला तरी श्वास मोजा. दोनतीन मिनिटांत श्वास वाढले नाहीत तर पुन्हा द्या. वाढले तर कुशीवर वळवा आणि जवळ बसा. उठून बोलायला लागला तरी दवाखान्यात न्या. तोंडात काहीही घालू नका.’

खाली व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, १४४४६.

कामठीच्या दादा, ‘घरघर’ हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात घेतला आहे. छापायच्या आधी कागद घेऊन त्या बाईंकडे परत जाणार आहे. या वेळी मी वाचणार नाही. त्यांना वाचायला देईन आणि त्या काय समजल्या ते ऐकेन.

कामठीहून :

जा ताई. अन् छापून आलं का पन्नासेक इकडेही पाठवा, आजीच्या हातानं वाटतो.