अनुभव धागा: घरी केलेला मोरोक्कन केफ्ता

टोमॅटोच्या दाट रश्शात शिजलेले खिम्याचे छोटे गोळे आणि वर फोडलेली अंडी. हा मोरोक्कोतला केफ्ता ताजीन. ताजीन म्हणजे झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थालाही तेच नाव. नवऱ्याची नोकरी जोर्फ लास्फरच्या फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यात होती, त्यामुळे आमचं बिऱ्हाड काही वर्षं शेजारच्या एल जदीदा गावात होतं. तिथल्या शेजारणींच्या ओट्याशी उभं राहून मी हा पदार्थ शिकले. आपल्याकडे त्याच्या ज्या कृती फिरतात त्यांत आलं-लसणाचं वाटण, गरम मसाला, बेसन, पावाचा चुरा असं सगळं असतं. ते गोळे रुचकर होतीलही, पण केफ्त्यात मसाला मोजका असतो आणि जिभेला आधी मांस कळतं, मग जिरं. हा मोजकेपणा टिकावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे. मांस कुठलं घेतलंत, गोळे फुटू नयेत म्हणून काय केलंत, रस्सा कसा आटवलात, सोबत काय खाल्लंत, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. अर्धा किलो खिम्याला एक मध्यम कांदा किसून, मुठीत घट्ट पिळून. कोथिंबीर आणि पार्स्ली अगदी बारीक चिरून दोन-दोन मोठे चमचे. गोड पाप्रिका दीड छोटा चमचा, जिरेपूड एक, मीठ एक, मिरेपूड अर्धा, दालचिनीची चिमूट. अंडं नाही, पाव नाही, पीठ नाही. मीठ घातल्यावर खिमा तळहाताने परातीला रेटत चार-पाच मिनिटं मळायचा. मिठाने आणि मळण्याने मांसातली प्रथिनं सुटी होतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. हाताला चिकटायला लागला की झालं. अर्धा तास फ्रिजमध्ये. शेजारीण पाण्याचा वाडगा जवळ ठेवायची, बोटं ओली करून सुपारीएवढे गोळे वळायची, आणि सगळे वळून होईपर्यंत एकही एकमेकाला चिकटू द्यायची नाही.

रश्शासाठी किलोभर लालबुंद टोमॅटो आडवे कापून किसणीवर किसायचे, साल हातात राहते. ऑलिव्ह तेल तीन मोठे चमचे, ठेचलेल्या लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, पाप्रिका, जिरं, मीठ. तेल कडेला सुटेपर्यंत मंद आटवायचं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. यात घाई केली की रस्सा आंबट राहतो आणि मग लोक साखर घालतात. नंतर गोळे कच्चेच सोडायचे. आधी तळायचे नाहीत, हे पुन्हा सांगते, कारण कच्च्या गोळ्यांतून उतरणारा रस हाच या रश्शाचा जीव. झाकून दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा भांडंच हलवायचं, डाव घालायचा नाही. शेवटी चार अंडी फोडून पुन्हा झाकण, पांढरं धरलं की खाली उतरवायचं. वर जिरं आणि कोथिंबीर.

उत्रेख्त, नेदरलँड्स

ताई, इथे मोरोक्कन वस्ती मोठी आहे. १९६९ मध्ये दोन्ही देशांत कामगारभरतीचा करार झाला, तेव्हापासून रिफच्या डोंगरांतली माणसं इथे येत गेली, आता त्यांची नातवंडं माझ्यासोबत ऑफिसात आहेत. आमच्या भागातल्या खाटकाकडे खिमा मागितला की तो आधी विचारतो, कशासाठी? केफ्ता म्हटलं की मांसाच्या तुकड्यांबरोबर कांदा आणि पार्स्लीची अख्खी जुडी यंत्रात जाते. असा एकत्र दळलेला खिमा घरी हिरवं चिरून घातलेल्या खिम्यापेक्षा कितीतरी एकजीव होतो.

मी निम्मं गाईचं, निम्मं मेंढीचं घेतो. चरबी पाचव्या हिश्श्याएवढी तरी हवीच. सुपरमार्केटातला 'कमी चरबीचा' खिमा या पदार्थाला चालत नाही, गोळे कोरडे आणि कडक होतात. एक प्रश्न आहे. इथे रास अल हानूत या मोरोक्कन मसाल्याची पाकिटं सगळीकडे मिळतात आणि पाकिटावर केफ्त्याचंच चित्र असतं. पण ज्या सहकाऱ्याच्या आईकडे मी जेवलो, तिने तो घातलाच नव्हता. तुमच्याकडे?

धागाकर्ती

दादा, एल जदीदात मी केफ्त्यात तो कधी पाहिला नाही. रास अल हानूत दहा-वीस, कधी त्याहून जास्त जिनसांचा मसाला. बकरी ईदनंतर बेदाणे, बदाम आणि मध घालून मांसाचं म्रूझिया शिजवतात, तिथे तो शोभतो. गोळ्यांना जिरं आणि पाप्रिका पुरे. जिरं मात्र ताजं कुटलेलं हवं. तिकडे अल्निफ गावच्या जिऱ्याला मान आहे आणि कित्येक जेवणांत मिठाशेजारी जिऱ्याची वाटी असतेच. पाप्रिका मिळत नसेल तर ब्याडगीच्या बिया आणि शिरा काढून पूड करा. रंग येतो आणि तिखटपणा आटोक्यात राहतो.

मुंब्रा

आम्ही कोकणी मुसलमान, मूळ श्रीवर्धनकडचे. आमच्याकडे बकऱ्याचंच मटण, आणि त्याच्या खिम्याला केफ्त्यासाठी थोडी वेगळी वागणूक लागते. नुसत्या रानाचा, म्हणजे मांडीचा, खिमा कोरडा होतो. खाटकाला सांगून मी खांद्याचं मांस घेते, त्यात वेगळी चरबी टाकायला लावते आणि यंत्रातून दोनदा काढून घेते. पहिल्यांदा काढलेल्या खिम्यात शिरा राहतात आणि गोळा तिथेच फुटतो.

ताजीनपेक्षा आमच्या घरी सळईवरचा केफ्ता जास्त होतो. हॉटेलात काम करून परत आलेल्या चुलत्यांकडून ती रीत आली. मोरोक्कोत महामार्गाच्या कडेला खाटकाची दुकानं असतात, बाहेर मांस टांगलेलं असतं. हवं तेवढं तोलून घ्यायचं, तो तिथेच दळून मसाला लावून देतो आणि शेजारचा शेगडीवाला भाजून देतो. चाचा सांगतात, गोल सळईवर खिमा फिरत राहतो, चपटी सळईच हवी. हात ओला करून खिमा पातळ थापायचा, वर बोटांनी दाबून खळगे पाडायचे, म्हणजे आतपर्यंत सारखा भाजतो. निखारे लाल होऊन वर राख चढली की मगच सळया ठेवायच्या. ज्वाळेवर चरबी ठिबकली की काजळीचा वास लागतो.

ताई, एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. भाजायच्या केफ्त्यात थोडा लसूण मला हवाच. आणि पाव! भायखळ्याकडून येताना ब्रून पाव आणते. बाहेरून कडक, आतून मऊ, रस्सा झेलतो आणि विरघळत नाही. खुब्जच्या, म्हणजे मोरोक्कन पावाच्या, सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा पाव तोच.

पुणे

घरात मांस शिजत नाही, अंडी चालतात. म्हणून मी फक्त रस्सा आणि अंडी करते. मोरोक्कन मैत्रीण म्हणाली, हे काही वेगळं नव्हे, त्यांच्याकडे बेद ऊ मातीशा, म्हणजे अंडी आणि टोमॅटो, म्हणून रोजचा नाश्ता आहे. रस्सा मात्र तेवढाच आटवायचा.

डिमोना, इस्रायल

आमचं घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी-आजोबा अलिबागजवळून मुंबईला आणि तिथून इथे आले. घरात अजून मराठीच. डिमोना १९५५ मध्ये वसलं तेच मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंनी, त्यामुळे लहानपणापासून जिन्यात त्यांच्याच स्वयंपाकाचा वास. शुक्रवारी दुपारी एका दारातून आमच्या नारळाच्या दुधातल्या रश्शाचा आणि समोरच्या दारातून त्यांच्या गोळ्यांचा.

त्यांचे शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, गोळे तुमच्यापेक्षा वेगळे असतात. मटार किंवा सेलरीच्या देठांबरोबर, हळदीच्या पिवळ्या रश्शात, टोमॅटोशिवाय. गोळ्यात भिजवून पिळलेला पाव आणि अंडं असतं, आणि त्याला कारण आहे. शब्बाथला चूल पेटवत नाहीत, भांडं रात्रभर गरम पत्र्यावर राहतं. नुसत्या मांसाचा गोळा तेवढ्या वेळात घट्ट होतो, पावाचा मऊ राहतो. तेव्हा ताई, पाव घालणं सरसकट चूक म्हणू नका. झटपट खायचा असेल तर तुमची रीत, तासन्‌तास ठेवायचा असेल तर यांची.

आणखी दोन गोष्टी. कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेलं) मांस आधीच मिठात ठेवून धुतलेलं असतं, म्हणून गोळ्यात मीठ निम्मं करून एक गोळा उकडून चाखायचा, मग वाढवायचं. आणि दही सोबत नाही. मांस आणि दूध आम्ही एका ताटात घेत नाही. आमचे पूर्वज नारळाच्या दुधाकडे का वळले ते यातच आलं. सोबतीला उकडलेल्या गाजराची जिरं-लसूण-लिंबू घातलेली कोशिंबीर करा, ती या गोळ्यांबरोबर फार छान लागते.

धागाकर्ती

मुद्दा पटला. रात्रभर पत्र्यावर राहणाऱ्या गोळ्याला पाव हवाच, तो नियम मी फक्त लगेच खायच्या ताजीनपुरता धरते. मुंब्र्याच्या ताईंचा लसूणही भाजायच्या केफ्त्यात मान्य. रश्शातल्या गोळ्यांत मात्र नको, कारण तो रश्शात आहेच.

दुबई

मातीच्या ताजीनबद्दल लिहितो, कारण बरेच जण ते हौसेने आणतात. रंगीत नक्षीचं, चकचकीत ताजीन वाढायला ठेवा. त्यात शिजवू नका, सजावटीच्या लुकणात शिसं असू शकतं. स्वयंपाकाचं ताजीन जाड बुडाचं, साधं असतं. पहिल्या वापराआधी रात्रभर पाण्यात बुडवायचं, वाळवून आतून तेल लावायचं आणि मंद आचेवर तापवायचं. गॅसवर खाली लोखंडी जाळी किंवा जाड तवा ठेवायचा, कारण मोरोक्कोत ते कोळशाच्या शेगडीवर, मजमरावर, ठेवतात आणि आच सगळीकडून सारखी लागते. गरम भांड्यात थंड पाणी कधीही नाही. कोकणात मातीच्या भांड्यात माशाचं कालवण करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. नसेल तर जाड बुडाची पसरट कढई आणि घट्ट झाकण, चवीत काही कमी पडत नाही.

रत्नागिरी

मटणाचे मी कधी केले नाहीत, तारलीचे करते. जहाजावर असलेल्या भावाने मोरोक्कोतल्या साफीच्या बंदरात खाल्ले होते, त्याने वर्णन केलं आणि मला पटलं, कारण मासा आपलाच. मोरोक्कोहून डबाबंद तारली जगात सर्वांत जास्त जाते, तेव्हा तिथल्या घरांत ती अशी शिजणारच.

तारली एकदम ताजी हवी, डोळे चमकदार, पोट घट्ट. डोकं मोडून आतडी ओढून काढायची. मग पोटाच्या बाजूने अंगठा शेपटीपर्यंत सरकवायचा, मासा पुस्तकासारखा उघडतो आणि मधला काटा शेपटीकडून उचलला की अख्खा निघून येतो. बाजूचे बारीक काटे सुरीने चिरताना मोडतात, शिजल्यावर कळतही नाहीत. मिक्सरला लावू नका, त्याची पेस्ट होते आणि गोळा चिवट होतो. चिरलेल्या माशात लसूण, कोथिंबीर, जिरं, पाप्रिका, लिंबाचा रस आणि मूठभर शिजलेला भात कुस्करून. माशाला बांधायला हा भात लागतोच. त्याच टोमॅटोच्या रश्शात सात-आठ मिनिटं पुरतात. अंडी नाहीत. लिंबाची साल किसून वर टाकते, तारलीचा उग्रपणा त्याने उतरतो. तांदळाच्या भाकरीबरोबर घरच्यांना फार आवडतं, आणि तारली स्वस्त असते तेव्हा पाहुण्यांनाही हेच करते.

रबात, मोरोक्को

मी सध्या इथेच नोकरीला आहे. सलग दुष्काळाने इथली जनावरं फार घटली. २०२५ च्या फेब्रुवारीत राजे मोहम्मद सहावे यांनी लोकांना त्या वर्षी ईदला कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं. एरवी ईदच्या पहिल्या दिवशी घराघरांतून कलेजी चरबीत गुंडाळून भाजतात, त्याला बूलफाफ म्हणतात. बाकीचं मांस एक दिवस टांगून दुसऱ्या दिवशी कापतात आणि खिमा त्यानंतर होतो. त्या वर्षी आमच्या गल्लीत मेंढ्यांचा आवाज नव्हता.

मांस महाग, म्हणून घरमालकीण अर्धा किलोच्या जागी पाव किलो खिमा घेते आणि त्यात मूठभर कच्चा धुतलेला तांदूळ मिसळते. गोळे रश्शात शिजताना तांदूळ फुगतो, रस्सा शोषतो, ताट तेवढंच भरतं. अशा गोळ्यांना आच मंद आणि वेळ जास्त, पाऊण तास तरी, आणि रश्शात पाणी अधिक. तांदूळ नीट फुगला नसेल तर मधला दाणा कच्चा राहतो, म्हणून ती एक गोळा फोडून बघते, मगच अंडी घालते. मला हे गोळे निव्वळ मांसाच्या गोळ्यांपेक्षा जास्त आवडतात. ताट मधोमध ठेवतात, प्रत्येकाने आपल्यासमोरच्या बाजूचंच खायचं, पिवळं बलक खुब्जच्या तुकड्याने फोडायचं आणि मांस शेवटी.

नाशिक

सगळं वाचून रविवारी करायचं ठरवलं आहे. घरी दहा माणसं आहेत. गोळे आदल्या दिवशी करून ठेवले तर चालतील का? आणि अंडी एवढ्या जणांना कशी जमवायची?

धागाकर्ती

चालतील. कच्चे गोळे ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा. गोठलेलेच उकळत्या रश्शात सोडा, पाच-सहा मिनिटं जास्त लागतील. एक मोठा गोळा मधोमध कापून आत गुलाबी राहिला नाही ना ते पाहा, खिम्याला पूर्ण शिजणं आवश्यक आहे. रस्सा दोन दिवस आधी केला तर उलट मुरतो. दहा जणांना एकच पातेलं घेऊ नका. दोन पसरट भांडी घ्या, गोळे एका थरात राहिले पाहिजेत. अंडी मात्र पानं मांडल्यावरच फोडा, ती थांबत नाहीत.