मदत हवी आहे : मॅनिक्युअरमध्ये क्यूटिकल कापावे की नुसते मागे सारावे?

नमस्कार. घरगुती ब्युटी पार्लर सुरू करण्यासाठी मी सध्या मॅनिक्युअर शिकत आहे. नखांना आकार देण्यासाठी १८० ग्रिटची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचे माप; आकडा जास्त तितकी कानस मऊ) आणि कडा गुळगुळीत करण्यासाठी २४० ग्रिटची कानस वापरायची, ती कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने चालवायची, इथवर हात बसला आहे.

अडचण क्यूटिकलची, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ त्वचेच्या कडेची आहे. बोटे कोमट पाण्यात भिजवल्यावर नखाला चिकटलेला मृत पापुद्रा कुठे संपतो आणि नखाच्या मुळाला जपणारी जिवंत त्वचा कुठे सुरू होते, हे मला ओल्या बोटावर नेमके ओळखता येत नाही. आणि ती जिवंत त्वचा निपरने (त्वचा कापण्याच्या छोट्या पकडीने) कापली गेली, तर जंतुसंसर्ग होऊन नखुरडे होण्याचा धोका असतो. शिकवणाऱ्या ताई सरसकट कापायला सांगतात, ते मला पटत नाही, मधुमेह असलेल्या ग्राहकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आपण निपर फक्त सुटलेल्या सालपटांपुरताच वापरता का?

शिवाय धातूची अवजारे साबणाने घासून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवणे पुरेसे आहे, की रक्त लागल्यास ऑटोक्लेव्हच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) हवा? छोट्या पार्लरला परवडेल अशी पद्धत अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावी.