अमेरिकेतल्या कॉलेजने लेकीला वेटलिस्टवर ठेवलंय, १ मेच्या आत काय काय करायचं?

पाचपाखाडीची आई

नमस्कार. लेक ठाण्यातच बारावी सायन्सला होती, बोर्डाची परीक्षा होऊन गेली. पर्यावरणशास्त्रासाठी तिने जानेवारीत अमेरिकेत अर्ज केले. सगळ्यात मनात असलेलं जे छोटं कॉलेज, त्यांचं मार्चअखेर उत्तर आलं : वेटलिस्ट. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. एका स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालाय, थोडी स्कॉलरशिपही आहे. जागा पक्की करायला त्यांना १ मेच्या आत डिपॉझिट हवंय.

तिचा अर्ज मुख्यतः कचराळी तलावाच्या पाण्यावर होता. डब्याचं स्टीलचं झाकण काळं-पांढरं रंगवून, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारून पाण्यात सोडायचं आणि कितव्या गाठीला दिसेनासं होतं ते वहीत लिहायचं. दर रविवारी. तिथला वॉचमन तिला ‘पाणीवाली’ म्हणतो.

सासूबाई म्हणतात, रेल्वेचं वेटिंग कन्फर्म होतं तर हे का नाही होणार? नवरा म्हणतो, विषय संपला, पुढचं बघा. मला कळत नाहीये :
डिपॉझिट दुसरीकडे भरलं तर वेटलिस्टवरून नाव जातं का?
वेटलिस्टवर असताना कॉलेजला पत्र पाठवायचं म्हणतात, त्यात काय लिहायचं? (एक कन्सल्टंट फक्त ‘वेटलिस्ट फॉलो-अप’चे वेगळे पैसे मागतोय. आकडा बघून मी फोन ठेवला.)
आम्ही फीसाठी मदतही मागितली होती, त्याने काही फरक पडतो का?

ऐरोलीकर

काकू, नाव जात नाही. डिपॉझिट बिनधास्त भरा, फक्त एकाच ठिकाणी. दोन कॉलेजांत भरून ठेवणं तिकडे चालत नाही, कळलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात. वेटलिस्ट म्हणजे प्रवेश नव्हे, त्यामुळे ती यात मोजली जात नाही.

आणि आधी हे बघा : पोर्टलवर जाऊन ‘वेटलिस्टवर राहायचंय’ असं कळवलंय का? बऱ्याच कॉलेजांत ते आपण होऊन सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते तुम्हाला धरतच नाहीत.

नेरूळचा बाबा

ताई, माझा मुलगा यातून गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासूबाईंचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण रेल्वेच्या वेटिंगला नंबर असतो. पुढचे गळाले की आपण वर सरकतो. इथे बहुतेक कॉलेजांत नंबरच नसतो. १ मेपर्यंत किती जणांनी डिपॉझिट भरलं ते मोजतात आणि जागा उरल्या तर वर्गात कशाची उणीव आहे ते बघतात. कुठल्या विषयाला मुलं कमी पडली, कुठल्या भागातून कोणीच नाही, असं. त्यामुळे ‘आपला नंबर कितवा’ असा मेल करू नका, त्याला उत्तर नसतं.

शक्यता किती हे अंदाजाने विचारण्यापेक्षा त्या कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधा. बरीच कॉलेजं दरवर्षी ते स्वतःच जाहीर करतात. त्यात सी-२ नावाचा भाग असतो. किती जणांना वेटलिस्ट दिली, किती जण त्यावर राहिले, त्यातले शेवटी किती घेतले, हे तीन आकडे तिथे मिळतात. एकच वर्ष बघू नका, तीन-चार वर्षं बघा. एखाद्या वर्षी बरे घेतलेले दिसतात आणि पुढच्याच वर्षी शून्य. आमच्या घरी ते आकडे बघितल्यावर वाद आपोआप थांबले.

आता पैशाचं. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मी तो सगळ्यात वर ठेवला असता. वेटलिस्ट हलते तोवर मदतीचा बराचसा पैसा वाटून झालेला असतो. परदेशी मुलांच्या बाबतीत तर कित्येक कॉलेजं वेटलिस्टवरून घेताना घरचे किती भरू शकतात हे बघतातच, एरवी बघत नसली तरी. म्हणून अ‍ॅडमिशन ऑफिसला दोन ओळींचा सरळ मेल टाका : वेटलिस्टवरून प्रवेश मिळाला तर परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत मिळते का? उत्तर ‘नाही’ आलं आणि पूर्ण फी भरणं शक्य नसेल, तर पोरीला जूनपर्यंत आशेवर ठेवण्यात काय अर्थ आहे? माझं मत जरा कडक वाटेल, पण कर्जाचे कागद घेऊन बँकेच्या टेबलासमोर बसलेला माणूस हेच सांगेल.

पत्राचं म्हणाल तर एकच आणि एका पानाच्या आत. आधी कॉलेजच्या सूचना वाचा. ‘आणखी काही पाठवू नका’ असं लिहिलं असेल तर खरंच पाठवू नका. पाठवायचं असेल तर पत्र लेकीनेच लिहायचं, तिच्याच ईमेलवरून. तुम्ही नाही, कन्सल्टंटने तर अजिबात नाही. ‘लहानपणापासूनचं स्वप्न’ वगैरे काढून टाकायचं. प्रवेश दिलात तर नक्की येईन, हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं. बाकी सगळी जागा जानेवारीनंतर काय नवीन झालं त्याला द्यायची.

आणि नवीन तुमच्याकडे आहे की! अर्जात डिसेंबरपर्यंतचेच आकडे गेले असणार. पुढच्या रविवारांच्या नोंदी आहेत ना? माघी गणपतीच्या आधीच्या आणि नंतरच्या असतील तर उत्तमच. तेच लिहा. वही-झाकणाची माहिती त्यांच्याकडे आहेच, ती परत सांगत बसू नका.

ओळखीतल्या कुठल्या साहेबांचं शिफारसपत्र जोडायचा सल्ला कोणी देईलच. त्यांना चहा पाजा आणि विसरा.

शेवटचं, व्हिसा. वेटलिस्टसाठी थांबू नका. डिपॉझिट भरलं की त्या युनिव्हर्सिटीकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) मागवा, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी तिथली सरकारी यंत्रणा) ३५० डॉलर फी भरा आणि बीकेसीच्या वकिलातीची तारीख मिळतेय का बघायला लागा. बायोमेट्रिकची तारीख वेगळी असते, तेव्हा बीकेसीला दोन फेऱ्या धरून चाला. व्हिसावर कॉलेजचं नाव असतं. उद्या वेटलिस्ट उघडली तर आय-२० नवीन लागेल, म्हणून तसं झालंच तर दोन्ही कॉलेजांच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा आणि मगच तिकीट काढा.

आमची यादी जूनअखेर बंद झाली, मुलाला नाही मिळालं. जिथे डिपॉझिट भरलं होतं तिथे गेला. आता सुट्टीत आला की तिथलंच कौतुक ऐकवतो, आम्ही ऐकतो.

घोडबंदर रोड

एवढे डॉलर घालवण्यापेक्षा इथेच एखादं चांगलं कॉलेज बघा. व्हीजेटीआय आहे, सीओईपी आहे. सगळ्यांना अमेरिका कशाला हवी?

नेरूळचा बाबा

साहेब, प्रश्न वेटलिस्टचा आहे आणि मुलीला पर्यावरणशास्त्र करायचंय. पण सीईटीचा फॉर्म भरला असेल तर परीक्षा द्यावी, एवढं मी पण म्हणेन.

पाचपाखाडीची आई

सगळ्यांचे आभार. सीईटी देतेय, फॉर्म केव्हाच भरलाय.

ऐरोलीकर, बरं झालं सांगितलंत. पोर्टलवर खरंच वेगळा फॉर्म होता, काल रात्री भरला. पैशाचा मेलही गेला, उत्तराची वाट बघतोय. सी-२ चे आकडे सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, मग तत्काळ कोटा नसतो का?

माघी गणपतीचं विचारलंत, तर नेमकी त्याच वेळी बोर्डाची प्रॅक्टिकल होती, त्यामुळे त्या रविवारची नोंदच नाही. लेक हिरमुसली. मी म्हटलं, नाही तर नाही असंच लिही. तिने तसंच लिहिलंय. पण डिसेंबरात झाकण पाचव्या गाठीपर्यंत दिसायचं, आता तिसऱ्याच गाठीला गायब होतं, पाणी हिरवं झालंय. ऊन वाढल्यामुळे शेवाळ की आणखी काही, हे तिला शोधायचंय. पत्राचा मधला परिच्छेद सगळा त्याचाच आहे. मी वाचला, व्याकरण सोडून कशाला हात लावला नाही.

एक शेवटचा प्रश्न. युनिव्हर्सिटीच्या डिपॉझिटची वेळ ‘१ मे, रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम’ अशी दिलीय. आपल्याकडे केव्हा?

ऐरोलीकर

२ मे, सकाळी ९:२९. पण तिथपर्यंत ताणू नका काकू. आपल्याकडे १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, बँक बंद असते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आजच बघा. पैसे गेल्यावर पावतीचा मेल लेकीच्या इनबॉक्समध्ये यायला हवा. नाही आला तर स्क्रीनशॉट काढून त्यांना लगेच कळवा.

पाचपाखाडीची आई

बघितलं. परदेशी व्यवहार बंदच होते. आता चालू केलेत, उद्या सकाळी भरते.