मदत हवी आहे : थ्रॉटल बॉडी बदलल्यापासून एस्टीमचा आयडल (पेडल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) वर-खाली होतोय (इंदूर)

मंडळी, गाडी २००५ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन. बाबा आजही रोज हीच चालवतात, दुसरी घ्यायला तयार नाहीत, आणि मलाही ती मोडीत काढायची नाही.

जुन्या थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) शाफ्ट झिजून बटरफ्लाय, म्हणजे तिच्यातली हवेची झडप, हलायला लागली होती. एस्टीम २००७ सालीच बंद झाली. मूळ पार्ट इंदुरात शोधून मिळाला नाही, म्हणून बाहेरच्या कंपनीची नवी बॉडी बसवली. व्यास जुन्याइतकाच आहे, जास्त पॉवरसाठी मोठी वगैरे घेतलेली नाही. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (बटरफ्लाय किती उघडी ते सांगणारा) आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलसाठी बाजूने हवा सोडणारा) जुन्यावरचेच, साफ करून लावले.

त्रास असा : थंड इंजिन सुरू केलं की काही तक्रार नाही. गरम झालं की आरपीएमचा काटा ९०० ते १६०० मध्ये झुलायला लागतो. पलासियाच्या सिग्नलला गाडी उभ्या-उभ्या एका लयीत रेस घेते आणि सोडते. एसी लावला की शांत, बंद केला की पुन्हा सुरू. रस्त्यावर धावताना पिकअप उत्तम, चेक इंजिनचा दिवाही लागत नाही.

एक मिस्त्री म्हणतो, "भैया, स्लो का स्क्रू घुमा देते हैं." मी हात लावू दिला नाही, कारण तो बटरफ्लायचा स्टॉप स्क्रू आहे, आयडल ठरवायचा नाही. दुसरा म्हणतो ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. कारण कळल्याशिवाय ईसीयू बदलायला मन धजत नाही. माझा ब्लूटूथ स्कॅनर या गाडीला जोडला जात नाही, मल्टीमीटर आहे. थ्रॉटल पोझिशन सेन्सरला ५ व्होल्ट बरोबर येतात, पेडल सोडलेलं असताना सिग्नल ०.९८ व्होल्ट दाखवतो. हे जास्त आहे का? सुरुवात कुठून करू?

स्पॅनर_बारा
ईसीयूचा विषय सध्या बाजूला ठेवा. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की बरंचसं त्यातूनच कळतं.

पेडल सोडलेलं असून आरपीएम एका मर्यादेच्या वर असतील, तर ईसीयूला वाटतं गाडी उतारावर किंवा वेग कमी करत आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतात, तो पेट्रोल परत देतो, ते पुन्हा चढतात. तुमचं झुलणं हेच असावं. थंड इंजिनला ही मर्यादा वर असते म्हणून सकाळी त्रास नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर ओझं टाकून आरपीएम मर्यादेखाली ओढतो म्हणून तेव्हाही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पेडल सुटल्याचं ईसीयूला कळतंय, तेव्हा ०.९८ ही आजची मुख्य अडचण नाही. आणि इंजिनात कुठूनतरी जास्तीची हवा जातेय, इतकी की कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही ती कमी होत नाही. तुमच्या गाडीत हवेचं माप मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधल्या (बॉडीतून सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) दाबावरून घेतो. त्यामुळे गळतीची हवासुद्धा मोजली जाते, तिच्या हिशेबाने पेट्रोल मिळतं आणि आयडल चढतो. फिल्टरजवळ एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत अशीच गळती झाली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळतं.

गरम इंजिनावर कंट्रोल व्हॉल्व्हकडे जाणारी हवेची वाट काही सेकंद पूर्ण बंद करा. इंजिन मरायला आलं तर व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर बघा. काही फरक पडला नाही तर हवा बटरफ्लायच्या कडेने किंवा पॅकिंगमधून (बॉडीच्या जोडातली गॅस्केट) येतेय.

स्क्रूला हात लावू दिला नाहीत हे फार बरं केलंत.

घाटवाट
दादा, जुन्या बॉडीला कूलंटच्या दोन बारीक नळ्या होत्या का? असतील तर आत मेणाचा व्हॉल्व्ह असू शकतो. थंडीत तो जादा हवा देतो आणि कूलंट गरम झाला की मिटतो. नळ्या काढल्या-लावल्या की तिथे हवा अडकते, व्हॉल्व्ह तापत नाही आणि उघडाच राहतो. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही नळ्या हाताला गरम लागतात का ते बघा.

गळती शोधताना कार्ब क्लीनर मारू नका, तो पेट घेतो आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घेऊन जोडांवर थोडं-थोडं मारा. गळतीच्या जागी पाणी ओढलं गेलं की आवाज लगेच बदलतो. व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारं) लावलात तर पुस्तकातल्या आकड्यातून पावणेदोन-दोन इंच वजा धरा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, मुंबईचं रीडिंग तिथे येणारच नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. नळ्या आहेत, आणि दोन्ही चांगल्या गरम लागतात. हवेची वाट बंद केली तरी काटा झुलतच राहिला. पाणी मारल्यावर बॉडीच्या खालच्या कडेला आवाज बदलला, म्हणून बॉडी उतरवली.

दोष पॅकिंगचा निघाला. नव्या बॉडीबरोबर आलेल्या पॅकिंगवर दोन्ही तोंडांचा ठसा उमटला होता, आणि खालच्या बाजूला हवेच्या खाचेचा एक कोपरा पॅकिंगच्या बाहेर राहत होता. तिथून सरळ मॅनिफोल्डमध्ये हवा. बॉडी उजेडासमोर धरून बटरफ्लायची कडही पाहिली, ती सगळीकडून सारखी मिटते. पॅकिंगच्या शीटमधून जुन्या बॉडीच्या तोंडाच्या मापाने नवं कापून घेतलं, तोंडं घासून साफ केली आणि बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळले.

आता गरम इंजिनावर ८५०-९००, एसी लावा किंवा बंद करा. बाबा सिमरोलपर्यंत चालवून आले आणि खूश आहेत. एकच उरलंय : उतारावरून येऊन थांबलं की काटा ११००वर काही सेकंद रेंगाळतो, मग खाली येतो. आता तरी ०.९८कडे बघू का?

स्पॅनर_बारा
हो, आता बघा. जुनी बॉडी टाकली नसेल तर सेन्सर तिच्यावर बसवून, कनेक्टर जोडून, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून रीडिंग घ्या. तेच तुमच्या गाडीचं खरं माप. नव्या बॉडीवर स्क्रूची भोकं लांबट असतील तर सेन्सर तेवढाच फिरवून घट्ट करा. मूळ जागेवर आधी पेनाने खूण करून ठेवा. मग पेडल हळूहळू दाबत बघा, व्होल्ट सलग चढले पाहिजेत. मध्ये कुठे उडी मारली तर सेन्सरची पट्टी झिजली आहे, तो बदलावा लागेल.

धागाकर्ता
जुनी बॉडी जपून ठेवली आहे. रविवारी रीडिंग घेऊन दोन्ही आकडे इथे टाकतो.