सतरा गुणांची आघाडी आणि ११ फेब्रुवारीचं हळदीकुंकू

प्रेषक: सचिव
सोमवार, २९ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी,

काल रात्री आपले डेट्रॉइटचे लायन्स सेमीफायनलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सकडून हरले, त्यानंतर आज काही लिहावंसं वाटत नाही, पण हॉलचं बुकिंग झालेलं आहे म्हणून लिहिते. रविवार ११ फेब्रुवारीला दुपारी ४ ते ८ आपलं तिळगूळ आणि हळदीकुंकू ठरलं आहे. त्याच संध्याकाळी साडेसहाला लास व्हेगासहून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, सुरू होईल. लायन्स पोचले तर कार्यक्रम हलवायचा, असं कार्यकारिणीत ठरलं होतं. आता मॅच कॅन्सस सिटीचे चीफ्स आणि फोर्टीनाइनर्सची आहे. रथसप्तमी १६ तारखेला, त्यामुळे पुढचा रविवार हाताशी नाही. वेळ तीच ठेवायची की अलीकडे घ्यायची, ते बुधवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नोव्हायचे काका
सोमवार, २९ जानेवारी

ताई, वेळेचं तुम्ही ठरवा, आम्ही येऊ. मला मात्र कालच्या मॅचबद्दल लिहू द्या, कारण रात्रभर झोप लागलेली नाही.

मी १९९१ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. ५ जानेवारी १९९२ ला पॉन्टिअॅकच्या सिल्व्हरडोममध्ये लायन्सनी डॅलस काउबॉइजना ३८-६ असं लोळवलं. ऑफिसातल्या एकाने मला त्याच्या बेसमेंटमध्ये मॅच बघायला बोलावलं होतं. टचडाउनचे सहा गुण असतात, एवढंच मला तेव्हा कळत होतं. पुढच्या रविवारी वॉशिंग्टनकडून ४१-१० असे हरलो. मला वाटलं, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकू. प्लेऑफमधला (बाद फेरीतला) पुढचा विजय बघायला ३२ वर्षं लागली.

मधल्या काळात काय काय झालं ते इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. बॅरी सँडर्ससारखा माणूस १९९९ मध्ये ऐन भरात निवृत्त झाला. २००८ मध्ये लायन्स सोळाच्या सोळा मॅच हरले. त्याच डिसेंबरात माझीही नोकरी गेली. गाड्यांच्या धंद्यातले आपले किती जण त्या हिवाळ्यात घरी बसले होते, आठवा. रविवारी एकमेकांकडे जमायचो, टीव्हीवर लायन्स हरत असायचे आणि कोण कुठे अर्ज करतंय याच्या गप्पा चालायच्या. तेव्हापासून ही टीम मला घरच्यासारखी आहे.

म्हणून १४ जानेवारीला फोर्ड फील्डवर लॉस एंजेलिसच्या रॅम्सना २४-२३ हरवलं तेव्हा मी रडलो, हे सरळ सांगतो. आपल्या ज्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला), गॉफला, रॅम्सनी २०२१ मध्ये नको म्हणून इकडे पाठवलं, त्याच्या नावाचा घोष सगळं स्टेडियम करत होतं, आणि समोर बारा वर्षं आपल्याकडे खेळलेला स्टॅफर्ड उभा होता.

आता काल. हाफटाइमला आपण २४-७ पुढे. सूनबाईने गुळपोळ्या वाढल्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१० असताना चौथा डाउन (दहा यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), दोन यार्ड हवेत, बॉल फोर्टीनाइनर्सच्या २८ यार्डांवर. आपला कोच कॅम्पबेलने किक न मारता खेळायचं ठरवलं. गॉफने नीट टाकला, रेनॉल्ड्सच्या हातांना लागून बॉल खाली पडला. तिथून त्यांनी ओळीने २४ गुण केले. अखेर ३४-३१ असे हरलो. उठून बघतो तर ताटातल्या पोळीवरचं तूप थिजलेलं.

आज ऑफिसात सगळे कॅम्पबेलला दोष देत होते. मला ते पटत नाही. २०२२ ची सुरुवात एक विजय आणि सहा पराभव अशी झाली होती, तिथून याच माणसाने टीम उभी केली. यंदा १७ पैकी १२ मॅच जिंकलो, १९९३ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (आपला गट) जिंकली, आणि वर्षभर चौथ्या डाउनला हे असंच खेळत आलो. पोरांवर विश्वास टाकला म्हणून ती इथवर आली. सर्वांत मोठ्या दिवशी तो विश्वास काढून घ्यायचा?

प्रेषक: ट्रॉयहून एक सभासद
सोमवार, २९ जानेवारी, रात्री

काका, तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तरी एक बाजू मांडतो.

विश्वासाचं मान्य. पण २४-१० असताना फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारला असता तर २७-१० झालं असतं. चौदा आणि सतरा यांत दिसायला तीनचाच फरक. पण चौदा गुण दोन टचडाउन आणि त्यांवरच्या एकेका जादा गुणात भरून निघतात. सतराला दोन पुरत नाहीत, दोन्हींवर दोन-दोन जादा गुण घेतले तरी सोळाच होतात. म्हणजे त्यांना तीनदा स्कोअर करावा लागला असता. किक ४५ यार्डांच्या आसपासची होती, खात्रीची नव्हे, पण मारण्यासारखी. चौथ्या क्वार्टरमध्ये २७-२४ असे मागे असताना पुन्हा तेच, चौथा डाउन आणि तीन यार्ड. तिथे किकने बरोबरी झाली असती. आणि हाफटाइमच्या आधी गोल लाइनजवळ चौथ्या डाउनला कॅम्पबेलने फील्ड गोलच घेतला होता. म्हणजे किक घेणं त्याला वर्ज्य नव्हतं.

मला जास्त लागलं ते शेवटच्या मिनिटाचं. गोल लाइनजवळ तिसऱ्या डाउनला आपले बॉल घेऊन पळाले, अडवले गेले, आणि घड्याळ थांबवायला टाइमआउट गेला. तो हातात राहिला असता तर ऑनसाइड किकवर (बॉल परत मिळवायला मारलेल्या छोट्या किकवर) सगळं लटकलं नसतं.

बाकी नशीबही फिरलं होतं. आपल्या विल्डरच्या हातात येऊ घातलेला बॉल त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडतो आणि त्यांचा आययूक आडवा पडून तो झेलतो, ५१ यार्ड! लगेच पुढे आपल्या गिब्जच्या हातून बॉल सुटतो. याला कुठला कोच काय करणार?

प्रेषक: फ्रीमाँटहून तुमची जुनी खजिनदार
मंगळवार, ३० जानेवारी

नमस्कार. इकडे कॅलिफोर्नियात येऊन सहा वर्षं झाली, पण या यादीतून नाव काढवत नाही. परवा आमच्या गल्लीत फटाके वाजले. माझी मुलं लाल जर्सी घालून नाचली आणि मी नोव्हायच्या काकांना फोन करायचं धाडस केलं नाही. काका, आज करते.

आमचा क्वार्टरबॅक पर्डीबद्दल सांगते, कारण तिकडे त्याला फक्त नशीबवान म्हणतात. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तो सगळ्यांत शेवटी, २६२ वा निवडला गेला. आधीच्या शनिवारी ग्रीन बेविरुद्ध पावसात त्याचा बॉल नीट बसत नव्हता, तरी शेवटच्या ड्राइव्हमध्ये टीमला ६९ यार्ड नेलं आणि २४-२१ जिंकवलं. तुमच्याविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये पास अडला की तो स्वतः पळाला आणि फर्स्ट डाउन (नवे चार प्रयत्न) काढून आणला. सतरा गुणांनी मागे असताना तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी असं डोकं शांत ठेवणं सोपं नाही.

पण मला भीती वाटते ती चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सची. गेल्या पाच सीझनमधला हा त्याचा चौथा सुपर बोल. यंदा चीफ्सच्या रिसीव्हरांच्या हातून किती बॉल निसटले, लोक म्हणत होते संपली यांची सद्दी. मग शून्याखाली चार डिग्री फॅरनहाइट थंडीत मायामीला २६-७ हरवलं, बफलोला जाऊन २७-२४, तिथे बफलोच्या बासची किक उजवीकडून बाहेर गेली, आणि रविवारी बाल्टिमोरला १७-१०. लामार जॅक्सनची ही बाल्टिमोरची टीम वर्षभर पळून पळून जिंकली आणि त्या दिवशी रनिंग बॅकना (बॉल घेऊन पळणाऱ्यांना) जेमतेम सहा वेळा बॉल दिला. त्यांचा फ्लॉवर्स अगदी गोल लाइनवर पोचला होता, चीफ्सच्या स्नीडने हात मारून बॉल पाडला. तिथेच मॅच गेली. चीफ्सच्या केल्सीने अकरा बॉल झेलले. आमच्या डिफेन्सने त्याला मोकळं सोडलं तर आमचंही तेच होईल.

२०२० च्या फेब्रुवारीत याच चीफ्सविरुद्ध आम्ही चौथ्या क्वार्टरमध्ये २०-१० पुढे होतो आणि ३१-२० हरलो. कोच तेव्हाही शॅनहनच. १९९५ च्या जानेवारीनंतर इथे ट्रॉफी आलेली नाही.

आणखी एक, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. मॅच बरोबरीत गेली तर आता प्लेऑफमध्ये दोन्ही टीमना एकेकदा बॉल मिळतो, पहिल्या टीमने टचडाउन केलं तरी. २०२२ च्या जानेवारीत बफलोला ओव्हरटाइममध्ये बॉल हातात न येताच हरावं लागलं, त्यानंतर हा नियम बदलला. प्लेऑफमध्ये तो वापरायची वेळ अजून आलेली नाही. मला विचाराल तर टॉस जिंकला की बॉल समोरच्यांना द्यावा. मागून खेळणाऱ्याला किती गुण हवेत ते आधीच कळतं, चौथ्या डाउनला जायचं की नाही हेही.

प्रेषक: नोव्हायचे काका
मंगळवार, ३० जानेवारी

फोन आला, बरं वाटलं.

ट्रॉयच्या बाळा, तुझं सतरा गुणांचं गणित रात्री वहीवर मांडून पाहिलं. पहिल्या वेळी किक मारायला हवी होती, मान्य करतो. दुसऱ्या वेळी नाही. तोवर आपला डिफेन्स दमला होता, बरोबरी करून बॉल त्यांच्याच हातात द्यायचा होता.

कॅम्पबेल मॅचनंतर बोलला ते मी दोनदा ऐकलं. पुन्हा इथवर यायला दुप्पट कष्ट पडतील, कदाचित ही एकच संधी होती, हे पोरांना त्याने खोटा धीर न देता सांगितलं. मला त्याचं ते आवडलं.

सुपर बोलबद्दल माझं मत: याच चीफ्सना ७ सप्टेंबरला त्यांच्या घरी आपण २१-२० हरवलं होतं. केल्सी नव्हता, ठीक आहे. पण त्यांना हरवता येतं. मी या वेळी फ्रीमाँटच्या पोरांच्या बाजूने.

प्रेषक: सचिव
गुरुवार, १ फेब्रुवारी

नमस्कार,

४१ उत्तरं आली. हॉलवाल्यांनी दुपारी एकची वेळ दिली आहे, त्यामुळे हळदीकुंकू आणि तिळगूळ १ ते ५. वाण लुटण्याचं काम तीनला सुरू करू, म्हणजे सगळ्या जणी किकऑफच्या आत घरी पोचतील. ज्यांना एकत्र बघायची आहे त्यांच्यासाठी ट्रॉयच्या सभासदाने बेसमेंट उघडं ठेवलं आहे. मिसळ त्यांच्याकडे, पाव आणि फरसाण आपण न्यायचं. किती जण ते त्यांना रविवारपर्यंत कळवा.

२५ ते २७ एप्रिलला एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल लीगचा) ड्राफ्ट आपल्या डाउनटाउनमध्ये आहे. मंडळातर्फे एक दिवस सगळ्यांनी मिळून जायचं असं काकांनी सुचवलं आहे, त्याची वेगळी मेल येईल.

बऱ्याच जणींनी साडीबद्दल विचारलं. संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणून काळी साडी चालेलच. लायन्सची निळी नेसायची असेल त्यांनी निळी नेसावी. मी निळीच नेसणार आहे.